चार तारांची खोळ

शिवणबाईंना पसारा खपत नसे. मुलींच्या शाळेत आयुष्यभर त्यांनी शिवण शिकवलं, त्यामुळे त्यांचं नाव मागं पडलं आणि शिवण पुढं आलं. वर्गात कुणाचा टाका वाकडा गेला की त्या चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द म्हणत, "उसव." त्या मुली आता आज्या झाल्या आहेत, पण बाई समोरून येताना दिसल्या की अजूनही चालता चालता बाह्या सारख्या करतात. खुद्द बाईंना त्यांची चूक दाखवायची हिंमत मात्र आजवर कुणी केली नव्हती. मुख्याध्यापिकेनंसुद्धा नाही.

अशा बाईंच्या वाट्याला नशिबानं आले होते ते 'हे'. नवऱ्याचं नाव बाईंनी कधी घेतलं नाही. 'हे' एवढं पुरे होतं, घरात दुसरा 'हे' नव्हता. ह्यांचे अवगुण त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बोटांवर मोजून दाखवायच्या: पसारा, उशीर आणि सिगारेट. चौथा अवगुण गॅरेजमध्ये उभा असायचा. काळी, गोल पाठीची, दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेली ती गाडी ह्यांनी लग्नानंतर लवकरच भंगारातून उचलून आणली होती. आणली म्हणजे टेम्पोत घालून आणली. चाकं तीनच होती आणि मागच्या सीटमध्ये मांजर व्यालेलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला होता. पुढं ती गाडी चालू झाली, रंगली, चकचकली, दर रविवारी मित्रांच्या टोळक्याबरोबर फिरायला जाऊ लागली, तरी बाई तिला शेवटपर्यंत 'सवत'च म्हणत राहिल्या.

गेल्या वर्षी हे गेले. हृदयानं दगा दिला. पहिले काही महिने बाई घर आवरत राहिल्या, आणि मग एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की आवरायला काही उरलंच नाही. पसारा करणारं माणूस गेलं होतं. सकाळी ठेवलेली उशी संध्याकाळी तिथंच असे. चष्म्याच्या घरात चष्मा असे. बाईंना त्या नीटनेटक्या घरात गुदमरायला होऊ लागलं, आणि ज्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या गॅरेजचं कुलूप त्यांनी काढलं.

तिथं मात्र स्वर्ग होता. नटबोल्ट, चिंध्या, तुटक्या पाइपा, तीन हातोड्या, त्यातली एक चहाच्या किटलीत. बाईंनी बाह्या सरसावल्या. पंधरवडाभर त्यांना कसली शुद्ध नव्हती. नटबोल्ट आकाराप्रमाणे बरण्यांत गेले, बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या, पाने खिळ्यांवर उंचीनं टांगले गेले. शेवटी राहिली ती सवत. बाईंनी तिचं बॉनेट उघडलं आणि त्या थबकल्या.

इंजिनावर त्यांनी शिवलेली खोळ होती.

विसरल्याच होत्या त्या. गाडी नवी नवी चालू झाली तेव्हाची गोष्ट. ह्यांनी कौतुकानं बॉनेट उघडून दाखवलं, तर आत चार जाड तारा चार दिशांना अस्ताव्यस्त पसरलेल्या. एक इकडून, एक तिकडून, जणू कुणी विणकाम सोडून उठून गेलं होतं. "अहो, हे काय गबाळं!" बाई म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन त्यांनी निळ्या ताडपत्रीच्या तुकड्याची खोळ शिवली. चार तारांना चार शेजारशेजारचे बोगदे, प्रत्येकावर लाल दोऱ्यानं एक, दोन, तीन, चार असे आकडे भरलेले, आणि धुवायला काढता यावी म्हणून कडेला चार टिचबटणं. लग्नानंतर ह्यांच्यासाठी शिवलेली ती पहिली वस्तू. हे बराच वेळ बघत उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "इतकं देखणं इंजिन जगात कुणाचं नसेल."

इतक्या वर्षांनी ती खोळ जागच्या जागी होती. आकडे जरा फिकटले होते, बाकी डाग म्हणून नव्हता. माणसाला सदरा चार तास स्वच्छ ठेवता येत नसे, पण खोळ जपली होती! बाईंनी ती तोंडाशी धरली आणि वर्षभर अडलेलं रडं त्या दिवशी मोकळं झालं. मग खोळ धुतली, इस्त्री केली, तारांवर परत चढवली, आणि ठरवलं की ही गाडी आता आपण चालवायची.

ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. बाईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा पोरगेला होता, बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला सीटचा उसवलेला कोपरा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी शिवूनही दिला. परवाना एका फटक्यात मिळाला. कारण विचारलं तर बाई सांगत, वस्तू पडून राहिली की खराब होते. खरं कारण वेगळं होतं. सवतीच्या सीटवर ह्यांच्या बसण्याचा खळगा पडला होता. त्या खळग्यात बसलं की बाईंना बोलता यायचं. घरात भिंतींशी बोलणं वेडेपणाचं वाटे, गाडीत नाही. "बघा, कसा वळवला," असं त्या म्हणत आणि शेजारची रिकामी जागा काही वेळ रिकामी राहत नसे.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चाले. शाळेचा चढ सुरू झाला की मात्र पुढून आवाज यायचा, ठो! साधासुधा नाही, बंदुकीचा बार उडाल्यासारखा. बॉनेट हादरायचं, गाडी हिसका खायची, पुन्हा ठो! पहिल्या दिवशी चढावरचा न्हावी गिऱ्हाइकाचा गाल तसाच सोडून दुकानाबाहेर धावला. शाळेची पोरं टाळ्या पिटू लागली. बाई स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिल्या, कान मात्र लाल झाले होते.

त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे ह्यांच्या रविवारच्या टोळक्यातले जुने मित्र. गॅरेज मुलाच्या हाती देऊन बसले होते, पण जुनं इंजिन म्हटलं की उठून उभे राहत. कानामागं स्क्रू-ड्रायव्हर, खिशात चिंधी, आणि चहा पोटात गेल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. ते येणार म्हणून बाईंनी आधीच खोळ काढून, घडी करून शिवणाच्या टेबलावर ठेवली. मिस्त्रींच्या काळ्या हातांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

"पुढून आवाज येतो की मागून?" चहा संपल्यावर मिस्त्रींनी विचारलं.

"पुढून."

"मग सायलेन्सर नाही, कार्ब्युरेटरमधून उलटा भडका येतोय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. दोन्हीपैकी एक. काळजी नको, वहिनी."

त्यांनी प्लग काढून पुसले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला. मग स्वतः गाडी काढून शाळेचा चढ चढून आले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. "झालं!" म्हणून मिस्त्री हात पुसत घरी गेले. बाईंनी इंजिन पुसलं, तारा सारख्या केल्या, खोळ चढवली, चार बटणं टिच टिच टिच टिच लावली आणि बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चढावर ठो!

मिस्त्री परत आले. बाईंनी परत आधी खोळ काढून ठेवली. या खेपेला मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवून त्याची भोकं फुंकून साफ केली, कुठून फाजील हवा शिरते का म्हणून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडून बघितलं, ठिणगीची वेळ दिव्यानं तपासली. इंजिनाला लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक दातांत धरून ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. बाईंना वाटलं झोपले. "सगळं घड्याळासारखं चाललंय," ते शेवटी म्हणाले, आणि चढ चढून आले. आवाज नाही, हिसका नाही. बाईंनी समाधानानं सगळं आवरून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मुलगा आला होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. बाई त्याला मोठ्या ऐटीत गाडीत घालून घेऊन गेल्या आणि चढाच्या मध्यावर असा बार उडाला की बॉनेटच्या फटीतून ज्वाळेची जीभ बाहेर आली. मुलानं उडी मारून पाण्याची बाटली ओतली. आग लागली नव्हती, पण काळ्या रंगावर तपकिरी डाग उमटला. 

"आई, पुरे आता," तो म्हणाला. "एक दिवस पेट घेईल ही. रविवारी एक जण येतोय गाडी बघायला. जुन्या गाड्या जपणारा माणूस आहे, चांगली ठेवेल."

"मला विचारलंस?"

"विचारलं तर हो म्हणाली असतीस?"

बाईंनी गाडी घरी आणली. मिस्त्रींना त्यांनी फोन केला तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसतं खाकरणं ऐकू आलं. "वहिनी, राग मानू नका," मिस्त्री म्हणाले, "पण मी चालवतो तेव्हा गाडी निमूट चालते. तुम्ही चालवता तेव्हा फुटते. पाय जड पडत असेल. जुन्या गाडीला गोंजारावं लागतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण बाईंच्या मनाला ते लागलं, कारण त्यांनाही आतून तसंच वाटू लागलं होतं. जन्मभर जिला सवत म्हटलं, बोल लावले, ती आता उट्टं काढत होती. गाडीला त्या नको होत्या. त्या दिवशी बाई गॅरेजमध्ये ह्यांच्या खळग्यात बसल्या, पण बोलायला काही सुचलं नाही. रविवारी हा खळगाही दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार होता.

पण बाई हाडाच्या शिक्षिका. मुलीनं 'मशीन खराब आहे' म्हटलं की त्या स्वतः त्या मशीनवर बसून बघायच्या, मग ठरवायच्या दोष मशीनचा की मुलीचा. शनिवारी सकाळी त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"आज काही उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "गाडी आहे तशी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसणार."

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. सपाट रस्ता गेला, चढ लागला, मिस्त्रींनी नवजात बाळाला थोपटावं तसा पाय दाबला आणि ठो! न्हाव्यानं आतूनच ओरडून विचारलं, "बाई का?" पुन्हा ठो!

"पाय जड पडला वाटतं?" बाई म्हणाल्या. बॅकफायर ऐकून एवढा आनंद झालेलं माणूस त्या रस्त्यानं आधी पाहिलं नसेल.

 मिस्त्री गाडी कडेला घेऊन खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि वाकून बघतच राहिले.

"वहिनी, हे काय आहे?"

"खोळ. तारांची."

"परवा नव्हती."

"परवा तुम्ही येणार म्हणून काढली होती. त्याच्या आधीही काढली होती. तुमचे हात बघा एकदा."

"आणि मी गेल्यावर?"

"परत घातली. तुमचं काम झाल्यावर मी आवरलं सगळं."

"आवरलं," मिस्त्री स्वतःशी म्हणाले. त्यांनी हात पँटीला नीट पुसले, एकेक बटण काढलं आणि खोळ बाईंच्या हातात दिली. चारी तारा सुटून चार दिशांना पसरल्या. गाडी पुन्हा चढाच्या पायथ्याशी नेली. या खेपेला ती चढून वर गेली, आवाज म्हणून नाही. मिस्त्रींनी खोळ परत घालून बघितली, ठो! काढली, आवाज बंद. मग ते गाडीच्या पायरीवर बसले आणि कानामागचा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याच्याकडेच बघत राहिले.

"सांगा की," बाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे... काम फार सुरेख आहे, वहिनी. टाके तर..."

"मिस्त्री."

"तारा शेजारशेजारून धावल्या की घोळ होतो," मिस्त्री एका दमात बोलून गेले. "एकीतून वीज गेली की अंगाला लागून असलेल्या दुसरीतही उठते. तिसऱ्या सिलिंडरची पाळी असते आणि चौथा उगाच पेटतो. त्याचं दार अजून मिटलेलं नसतं, मग भडका उलटा बाहेर. चढावर ठिणगी जोराची लागते, म्हणून तिथंच जास्त. तारा लांब लांब, आडव्यातिडव्या असल्या की काही होत नाही. ते गबाळं नसतं, तसंच ठेवायचं असतं."

बाईंना कळलं. वर्गात एकीला प्रश्न विचारला की शेजारचीनं उत्तर द्यायचं, म्हणून तर परीक्षेला त्या मुलींना लांब बसवत. मान हलवून त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खोळीनं हे झालं."

मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर पुसू लागले.

"पण मग ह्यांना कशी चालली? इतकी वर्षं खोळ होती की."

"नव्हती," मिस्त्री म्हणाले. "दर रविवारी आम्ही एकमेकांची बॉनेटं उघडून बसायचो. ही खोळ मी आज पहिल्यांदा बघतोय. त्याच्या तारा कायम मोकळ्या असायच्या."

"पण मी गॅरेज उघडलं तेव्हा तर घातलेली होती."

 बाईंनी हातातली खोळ उलटी केली. गॅरेजमध्ये सापडली तेव्हाही ती आतून अशीच कोरी होती. तेलाचा थेंब नाही, इंजिनाच्या आचेनं पिवळेपणा नाही. ह्यांच्या काळात चालत्या इंजिनावर ती जेमतेमच बसली असावी.

आणि मग बाईंना कोपऱ्यावरची छापखान्याची भिंत आठवली. छापखान्यातल्या एका बाईनं त्यांना कधीकाळी सांगितलं होतं, "तुमचे यजमान जाताना आणि येताना कोपऱ्यावर गाडी थांबवतात. बॉनेटच्या आड तोंड घालून काहीतरी करतात." बाईंनी तिथल्या तिथं निकाल लावला होता. हे तरुणपणी सिगारेट ओढायचे, लग्नात सोडली म्हणाले होते, ती ही अशी चालू होती तर! रात्री जेवताना त्यांनी तोंडावर विचारलं, "कोपऱ्यावर काय करता?" हे ओशाळले. घास हातात धरून राहिले. मग म्हणाले, "सिगारेट. एकच ओढतो." बाईंनी आठवडाभर अबोला धरला. पुढची सगळी वर्षं हे घरात आले की त्या सदऱ्याचा वास घ्यायच्या. पेट्रोलशिवाय कसलाच वास येत नसे. माणूस भारी बेरकी, असं बाई म्हणायच्या.

शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या खाटेशी उभं राहूनही त्या बोलल्या होत्या, "तरी मी सांगत होते, सिगारेट सोडा." आणि हे नळ्यांतून हसून म्हणाले होते, "हो गं. चुकलंच माझं."

त्यावर वर्षभर बाई रागावल्या होत्या. दुःखापेक्षा रागच मोठा होता, कारण ऐकलं असतं तर हे आज असते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता तो राग ठेवायला जागाच उरली नाही. बाई गाडीच्या मडगार्डला धरून उभ्या राहिल्या. खोळीचं एक बटण त्यांच्या तळव्यात रुतत होतं.

"मला घाबरत होते का हो ते?" मिस्त्रींना कोपऱ्याचं सांगून त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी मान खाजवली. "घाबरत तर आम्ही सगळेच होतो, वहिनी. खोटं कशाला बोलू? पण घाबरलेला माणूस चार दिवस असं करतो, मग कंटाळून खोळ फेकून देतो आणि हरवली म्हणून सांगतो. हा गडी दर खेपेला गाडीतून उतरून बटणं काढत होता, परत लावत होता."

दोघं घरी आली. मिस्त्रींनी चहाही मागितला नाही.

रविवारी सकाळी मुलगा आला. गाडी बघायला येणारा माणूस दुपारी यायचा होता. मुलानं आईनं शिवलेला आकाशी शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. बाईंनी त्याला दारातूनच परत फिरवलं. "बस गाडीत."

"आई, आता कशाला?"

"बस."

चढाच्या पायथ्याशी त्यानं दाराची मूठ धरून ठेवली. गाडी वर चढली, शाळेवरून गेली, पलीकडे उतरली. नुसती इंजिनाची घरघर, तीही सुखाची. मुलानं मूठ सोडली. "काय झालं होतं?"

बाईंनी गाडी एका झाडाखाली घेतली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, खोळीचं, कोपऱ्याचं, सिगारेटचं, हॉस्पिटलमध्ये आपण काय बोललो त्याचंही.  मुलगा काचेतून समोर बघत ऐकत होता. बोट गळ्यात घालून त्यानं कॉलर जरा ओढली, आणि बाईंना तिथं लाल वळ दिसला.

"हा शर्ट तुला गळ्याला काचतो का रे?"

"नाही गं. छान बसतो."

"खरं सांग."

मुलगा आईकडे बघू लागला. हे असं आईनं कधी विचारलं नव्हतं. "थोडा काचतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग घालतोस कशाला?"

"तुझ्याकडे येताना घालतो. एरवी नाही."

बाईंच्या तोंडावर काय उमटलं ते बघून मुलगा हबकला. त्याला वाटलं, आता आठवडाभराचा अबोला. पण बाई हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. "बापावर गेलास," त्या म्हणाल्या. "काढ ते वरचं बटण. घरी गेलो की गळा उसवून देते. आणि आता गाडीचं खरं सांग. आग लागेल म्हणून विकायची म्हणत होतास. आग तर आता लागत नाही."

 "फोन वाजला की मला वाटतं, तुझं काहीतरी झालं," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी असाच वाजला होता. मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. गाडी नसली तर तू घरी बसशील, मग मला... हे चूक आहे, मला कळतं."

"चूक कसली," बाई म्हणाल्या. "पण मी घरी बसून नीट राहीन असं तुला वाटतं, तसं नाही. त्या घरात मला बोलायला कुणी नाही. इथं आहे." त्यांनी सीटच्या खळग्यावर हात ठेवला. "निघताना तुला फोन करत जाईन. पोचल्यावरही करीन. चालेल?"

मुलानं खिशातून फोन काढला आणि त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "नाही, नाही, गाडी ठणठणीत आहे. आई चालवते." फोन ठेवून त्यानं वरचं बटण काढलं आणि भरून श्वास घेतला.

बाईंनी किल्लीकडे हात नेला आणि मग मागे घेतला.

"अजून काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझं जे जे काचतं ते. तुझ्याकडचे पडदे मी शिवले, सूनबाईनं कधी तक्रार केली नाही. आता मला त्याचीच शंका येतेय."

"आई, जाऊ दे ना."

"नाही, सांग. मला ऐकायची सवय करायला हवी. एक माणूस न सांगताच गेला."

 मुलानं दुसरंही बटण काढलं, पाय पसरले आणि पडद्यांपासून सुरुवात केली.